आगोटीआधीचे (पावसाळा लागण्याआधीचे) सरपण: कोकणात नव्याने संसार मांडणाऱ्यांसाठी

नोकरी सोडून राजापूर, देवगड, मालवण या बाजूच्या जुन्या घरात राहायला येणारी माणसे कलमांचा, विहिरीचा आणि मोबाइलच्या रेंजचा विचार आधीपासून करून येतात. सरपणाचा विचार मात्र ती मे महिना संपता संपता करतात आणि तोवर फार उशीर झालेला असतो. घरात गॅस असतो, हे खरे आहे. तरीही न्हाणीतला बंब, गुरांचे आंबोण (शिजवलेला खुराक), भाताची मोठी भांडी आणि गणपतीत पाहुण्यांनी भरलेले घर हे सगळे सिलिंडरवर चालवायचे म्हटले तर खर्च परवडत नाही, आणि वादळात झाडे पडून रस्ता बंद झाला तर सिलिंडरची गाडी वाडीपर्यंत पोहोचतही नाही. मी इतकी वर्षे हे काम करते आहे, तरी रोहिणी नक्षत्र लागले आणि मांगरातल्या, म्हणजे घराजवळच्या कोठारवजा छपरातल्या, राशीकडे नजर गेली की अजूनही माझ्या पोटात गोळा येतो.

वर्षाचा क्रम तुम्हाला ढोबळपणे ठाऊक असेलच. दिवाळीनंतर तोड करायची, शिमग्याच्या आत फोडून घ्यायचे, चैत्र-वैशाखाच्या उन्हात वाळवायचे आणि 25 मेच्या सुमारास रोहिणी लागण्यापूर्वी सगळे छपराखाली न्यायचे. मृग 7-8 जूनला लागतो, पण वळवाची सर त्याची वाट पाहत नाही. किती लाकूड लागेल याचा अंदाज इतरांना विचारून बांधू नका. हिवाळ्यात आठवडाभर रोजचे जळण काट्यावर तोलून पाहा. दिवसाला सहा किलो लागत असेल तर पावसाळ्याच्या 120 दिवसांसाठी 720 किलो होते, आणि पावसात न्हाणीला जास्त पाणी तापवावे लागते म्हणून त्यावर निदान पाव हिस्सा वाढवून धरा.

आता ज्या एका गोष्टीसाठी मी हे लिहायला बसले, तिच्याकडे येते. लाकूड तोडून झाले म्हणजे ते वाळायला लागले, असे आपण धरून चालतो, आणि नवखा माणूस नेमका इथेच फसतो. मीही फसले होते. पौषात तोडलेले ऐनाचे ओंडके सालीसकट खळ्याच्या कडेला रचून ठेवायचे, वैशाखात त्यांच्या तोंडावर पडलेल्या चिरा पाहून ते वाळले असे समजायचे आणि घाईघाईने फोडून मांगरात भरायचे, हा क्रम दिसायला अगदी बरोबर दिसतो. पण झाडाच्या अंगात पाणी मुळाकडून शेंड्याकडे उभ्या नळ्यांतून चढते आणि ओंडका वाळताना ते बाहेर पडते तेही मुख्यतः त्याच नळ्यांच्या उघड्या तोंडांतून. आडवे, म्हणजे सालीच्या दिशेने, ते फार हळू सरकते आणि साल तर त्याला जवळजवळ अडवूनच धरते. त्यामुळे ओंडक्याच्या दोन्ही टोकांची वीतभर लांबी चांगली वाळते, तिथे चिरा पडतात, रंग करडा होतो, आणि मधला भाग तोडीच्या दिवशी होता तसाच ओला राहतो. चीर पाहून तुम्हाला फक्त टोकाची हकीकत कळते, पोटातली कळत नाही.

असे लाकूड मांगरात गेले की पुढचे सगळे बिघडते. त्याच्या पोटातले पाणी बंद जागेत हवेत उतरते, शेजारची खरोखर वाळलेली फाटी ते शोषून घेतात, आषाढ लागेपर्यंत राशीवर पांढरी बुरशी चढते आणि श्रावणात चूल पेटवताना डोळ्यांतून पाणी येते. ताज्या तोडीच्या लाकडाच्या वजनात निम्म्याच्या आसपास पाणी असू शकते. पूर्ण कोरड्या लाकडाच्या एका किलोत सुमारे 18 मेगाज्यूल उष्णता असते, आणि एक किलो उकळत्या पाण्याची वाफ करायला सव्वादोन मेगाज्यूलहून थोडी अधिक उष्णता लागते. म्हणजे निम्मे पाणी असलेल्या एक किलो लाकडातून नऊच मेगाज्यूल मिळणार आणि त्यांतला एका मेगाज्यूलहून अधिक भाग पाणी उडवण्यातच जाणार. त्याहून मोठे नुकसान असे, की पाण्यामुळे आग थंड राहते, लाकडातून निघणारे वायू पेट न घेता धुराच्या रूपाने निघून जातात, आणि तुमच्या कष्टाने तोडलेल्या झाडाचा मोठा हिस्सा कौलांवर काजळी होऊन बसतो.

उपाय एकच आहे: तोडल्यावर महिन्याभराच्या आत फोडायचे. हात-दीड हात लांबीचे तुकडे करून त्यांच्या मनगटाएवढ्या जाडीच्या ढलप्या पाडा, म्हणजे पाण्याला बाहेर पडायची तोंडेही वाढतात आणि साल एकाच अंगाला उरते. ओले लाकूड कुऱ्हाडीला सोपेही जाते. ऐनाचे किंवा सुरूचे लाकूड वाळून कडक झाल्यावर फोडायला बसलात तर पाचर आणि घण घेऊनही हात भरून येतील. त्यानंतर राशीतून चारपाच ढलप्या निवडून त्यांवर खुणा करा, प्रत्येकीचे वजन लिहून ठेवा आणि दर आठवड्याला त्याच ढलप्या पुन्हा तोला. वजन उतरत आहे तोवर लाकूड वाळत आहे. लागोपाठ दोन-तीन आठवडे वजन हलले नाही, तरच ते मांगरात न्यायला योग्य झाले. एकमेकांवर आपटून खणखणीत आवाज येतो का हे पाहण्याची जुनी रीत चांगली आहे, पण त्या आवाजातला फरक ओळखणारा कान तयार व्हायला काही वर्षे जातात. तोलकाटा पहिल्याच वर्षी खरे सांगतो.

ताडपत्रीबद्दलही तितक्याच स्पष्टपणे सांगते. वळवाच्या भीतीने रास चारही बाजूंनी ताडपत्रीत गुंडाळून बांधू नका, कारण दिवसा आतून सुटलेली वाफ रात्री ताडपत्रीला लागून पाणी होते आणि पुन्हा लाकडावरच ठिबकते. फक्त माथा झाका आणि बाजू वाऱ्याला उघड्या ठेवा. दुपारनंतर समुद्राकडून येणारा वारा दमट असला तरी तो वाहता असतो, आणि वाळवणाला वाहती हवा उन्हाइतकीच लागते. रास जमिनीवर किंवा थेट जांभ्याच्या भिंतीला टेकवूनही रचू नये. जांभा सच्छिद्र असल्यामुळे पावसाळाभर पाणी धरून राहतो. खाली दगड मांडून त्यांवर बांबू टाकावेत आणि भिंतीपासून वीतभर अंतर ठेवावे, म्हणजे वाळवीचाही बंदोबस्त सोपा होतो.

इतके करूनही जुलैत लाकूड थोडे सर्दावेल, त्याने घाबरून जाऊ नका. हवेतला दमटपणा 85 ते 90 टक्के असला की छपराखालचे लाकूडही हवेतून पाणी घेऊन 18 ते 20 टक्के ओलाव्यावर येऊन थांबते, आणि तेवढ्या ओलाव्याचे लाकूड व्यवस्थित जळते. त्यासाठी दोन दिवसांचे जळण चुलीच्या उबेत, पण ठिणगी उडणार नाही इतक्या अंतरावर आणून ठेवावे. आच धरायला नारळाची सोडणे (वरचे काथ्याचे आवरण), करवंट्या आणि वाळलेली चुडते (झावळ्या) यांच्यासारखे दुसरे काही नाही. रॉकेल आणि प्लास्टिकच्या पिशव्या घालून चूल पेटवण्याची सवय मला मुळीच मान्य नाही. ज्याला त्यांची गरज भासते त्याचे लाकूड ओले असते, आणि धूर मात्र सगळ्या घराच्या छातीत जातो.

मे महिन्यात टेम्पोभर लाकूड विकत घेऊन काम भागवण्याचा मार्ग अनेकांना सुचतो. वजनावर घेतलेत तर तुम्ही पाण्याचेही पैसे मोजता, म्हणून एक ओंडका तिथल्या तिथे मधोमध फोडायला लावा आणि फोडलेल्या अंगाला गाल लावून पाहा. गार लागला तर घेऊ नका. कोणते लाकूड घ्यावे यात मतभेद आहेत. ऐन आणि किंजळ यांचा निखारा टिकतो, सुरू उत्तम जळतो, ऑस्ट्रेलियन बाभूळ रोजच्या कामाला पुरेशी आहे, तर पांगारा आणि सावर भुरभुर जळून जातात. बिब्ब्याच्या जवळ जाऊ नका, कारण त्याच्या चिकाने अंगावर फोड येतात आणि धूरही बाधतो. काजूच्या टरफलांतल्या तेलाचेही तसेच आहे, त्यामुळे ती घरच्या चुलीत घालू नयेत.

जमीन तुमच्या नावावर आहे म्हणून झाडही हवे तेव्हा तोडता येते, असे समजू नका. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, 1964 याच्या अनुसूचीत साग, खैर, ऐन, किंजळ, आंबा, फणस, जांभूळ, चिंच, हिरडा अशी आपल्या परड्यातली नेहमीची झाडे आहेत आणि ती तोडायला परवानगी लागते. खाडीकाठचे कांदळवनही त्यात येते, आणि त्याला हात लावणे हा गंभीर गुन्हा आहे. अनुसूचीत नसलेल्या झाडांच्या वाहतुकीचेही नियम असतात, म्हणून तोडीआधी वनपालांकडे जाऊन या. पुष्कळसे सरपण मुळावर घाव न घालताच मिळते. कलमांची छाटणी, वाळलेल्या फांद्या, काजूच्या बागेतली विरळणी आणि वाऱ्याने पडलेली झाडे एवढ्यात लहान घराचे बरेचसे भागते.

पडलेल्या झाडांनी मात्र माणसे मेली आहेत. 3 जून 2020 रोजी निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले आणि पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्तेने कोकणपट्टी झोडपली, तेव्हा नारळी-पोफळी आणि जुने आंबे आडवे झाले आणि प्रत्येक घरात कुणी ना कुणी करवत हातात घेतली. उन्मळलेले झाड मेलेले दिसले तरी त्याच्या अंगात ताण भरलेला असतो. खोड दोन्ही टोकांना टेकलेले असेल तर वरचे अंग दाबलेले आणि खालचे ताणलेले असते, म्हणून आधी वरून तिसऱ्या हिश्शापर्यंत कापून मग खालून काप पुरा करायचा. एकच टोक टेकलेले आणि दुसरे अधांतरी असेल तर हा क्रम उलटा होतो. बुंध्यापासून खोड सुटताच मुळांचा गड्डा झटक्यात मागे उभा राहू शकतो, त्यामुळे त्याच्या खड्ड्यात कधीही उतरू नये आणि लहान मुलांना त्या बाजूला फिरकू देऊ नये. तारांवर पडलेल्या झाडाला महावितरणच्या माणसांनी वीज बंद केल्याशिवाय हात लावू नका.

हे काम व्हिडिओ पाहून येत नाही, असे माझे ठाम मत आहे. चेनसॉ विकणारा तुम्हाला ती सुरू करायला शिकवतो, ती कुठे थांबवायची हे शिकवत नाही. गावात आयुष्यभर कवळ (पाल्यासकट डहाळ्या) तोडलेले, झाडावर चढलेले गडी अजून आहेत. त्यांना पूर्ण मजुरी देऊन एक हंगाम त्यांच्या हाताखाली काम करा, त्यांना दादा किंवा काका म्हणा आणि फाटी उचलण्यापासून सुरुवात करा. आमच्या वाडीतल्या एका काकांनी मला कुऱ्हाड हातात देण्याआधी कितीतरी दिवस नुसते गाठी ओळखायला लावले. तेव्हा मला त्याचा राग येत असे. आज पाचर कुठे बसेल आणि कुठे अडेल हे मला त्यांच्यामुळेच दिसते.

राशीत हात घालण्यापूर्वी काठीने ती हलवा. रत्नागिरी आणि देवगडच्या कातळावर फुरसे भरपूर आहे, आणि सरपणाची रास हे त्याचे आणि लाल विंचवाचे आवडते घर आहे. फुरसे चावले तर आवळपट्टी बांधणे, कापणे, चोखणे असे काही करू नका, थेट सरकारी रुग्णालय गाठा. आपल्याकडची सर्पदंशाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांवर चालते. लाल विंचवाच्या दंशाने पूर्वी कोकणात अनेक जीव जात असत. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या औषधाचा उपचार पुढे आणल्यापासून वेळेवर पोहोचलेला रुग्ण बहुधा वाचतो. म्हणून घाबरू नका, पण हातमोजे आणि बूट घातल्याशिवाय मांगरात शिरू नका.

पावसाळ्यात कपडे वाळवायला निखाऱ्यांची शेगडी खोलीत ठेवतात आणि गारठ्यामुळे दारे-खिडक्या लावून घेतात, तसे कधीही करू नका. निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपलेल्या माणसाला तो कळत नाही. बंब पेटलेल्या न्हाणीचा झरोका उघडाच राहिला पाहिजे आणि निखाऱ्यांची शेगडी रात्री पडवीत गेली पाहिजे.

मांगरातून लाकूड काढताना नेहमी जुन्या बाजूने काढा आणि आतल्या कोपऱ्यातली सर्वांत कोरडी रास गणपतीसाठी राखून ठेवा, कारण भाद्रपदात पाऊस उघडेल याची खात्री नसते आणि पाहुण्यांना सकाळी आंघोळीला गरम पाणी लागते.