जुन्या चेन सॉला नवा बार आणि चेन घेताना

वापरलेल्या चेन सॉवर जो बार, म्हणजे चेन जिच्याभोवती फिरते ती लांब पट्टी, दिसतो तो त्याच मशीनचा असेल असं धरून चालू नका. आधीच्या मालकानं हाताला आलेला चढवलेला असू शकतो. त्यामुळे जुनी चेन दुकानात नेऊन ‘अशीच द्या’ म्हणण्याआधी स्पार्क प्लगची कॅप काढा, हातमोजे घाला, बाजूचं कव्हर उघडा आणि स्प्रॉकेट, म्हणजे चेन फिरवणारं दातेरी चक्र, बघा. मशीनला कुठल्या पिचची, म्हणजे रिव्हेटमधल्या किती अंतराची, चेन चालेल ते तिथेच ठरतं.

पिच काढायला चेनचे लागोपाठ तीन रिव्हेट घ्या, पहिल्याच्या मध्यापासून तिसऱ्याच्या मध्यापर्यंत मोजा आणि दोननं भागा. तिघांचं अंतर साधारण १६.५ मिमी आलं तर ०.३२५ इंच, १९ मिमीच्या आसपास आलं तर ३/८ इंच. ३/८ मध्येही लहान मशीनची ‘लो प्रोफाइल’ चेन वेगळी असते. मोठी ३/८ तिच्या जागी बसवू नये. स्प्रॉकेट, बारच्या टोकाचं चक्र आणि चेन या तिन्हींचा पिच एकच हवा. नसेल तर चेन दातांवर चढते, झटके देते आणि कधीतरी तुटते.

स्प्रॉकेटच्या दातांवर चेननं अर्ध्या मिलिमीटरहून खोल खड्डे पाडले असतील तर तेही बदला. दोन चेन संपल्या की एक स्प्रॉकेट, हा हिशेब चांगला. झिजलेल्या स्प्रॉकेटवर नवी चेन लवकर लांबते.

गेज म्हणजे बारच्या खाचेत फिरणाऱ्या ड्राइव्ह लिंकची जाडी: १.१, १.३, १.५ किंवा १.६ मिमी. जुनी लिंक झिजलेली असल्यानं कॅलिपर कमी दाखवतो, म्हणून लिंकवरचा शिक्का वाचा. ऑरेगॉन कंपनीच्या चेनवर ९१ म्हणजे लो प्रोफाइल, १.३ मिमी, २०, २१, २२ म्हणजे ०.३२५ इंच, अनुक्रमे १.३, १.५, १.६ मिमी. जाड चेन खाचेत जातच नाही, त्यामुळे ती चूक लगेच कळते. पातळ चेन मात्र बसते, कलते आणि लाकूड तिरकं कापते.

नुसतं ‘सोळा इंची द्या’ म्हणून भागत नाही. स्टिल एमएस १८० च्या १६ इंची बारला ५५ ड्राइव्ह लिंक लागतात, त्याच लांबीच्या दुसऱ्या मेकच्या बारला ५६. एका लिंकच्या फरकानंही ताण जमत नाही. जुन्या चेनच्या एका लिंकला खडूनं खूण करून मोजा. बार बदलणार असाल तर नव्या बारवर छापलेला आकडा धरा.

बारची शेपटी, म्हणजे मशीनला बसणारं टोक, कागदावर ठेवून पेन्सिलीनं काढून न्या: बोल्टच्या फटीची रुंदी, ताणाच्या पिनेचं छिद्र, तेलाचं छिद्र. तेलाचं छिद्र सरकलेलं असेल तर बार बसेल, पण कोरडा फिरेल आणि कडा निळ्या पडतील.

जुना बार टाकायची घाई नको. सपाट काचेवर त्याच्या कडेवर उभा करा. कलला तर दोन्ही रेल, म्हणजे खाचेच्या दोन बाजूंच्या कडा, सारख्या उंचीच्या राहिलेल्या नाहीत. किरकोळ फरक आणि बाहेर आलेली धार सपाट कानशीनं निघते. ०.३२५ आणि ३/८ साठी खाच किमान ६ मिमी खोल हवी, लो प्रोफाइलसाठी ५. त्याहून उथळ झाली की ड्राइव्ह लिंक तळाला घासते, तिथे बार संपला.

लांबीचा मोह टाळा. ५८ सीसीच्या स्वस्त मशीनवर सर्रास २२ इंची बार मिळतो, पण बाभळीसारख्या कठीण लाकडात १८ इंची जास्त काम करतो. बार लांब झाला की इंजिन दमतं, तेलाचा पंप पुरत नाही आणि चेन लवकर बोथट होते. त्यातही सेफ्टी चेन मिळत असेल तर तीच घ्या. टोकानं उलटा झटका मारण्याचा धोका तिनं कमी होतो.

बसवताना वरच्या बाजूला कटरची, म्हणजे कापणाऱ्या दातांची, धार टोकाकडे असावी. बारचं टोक वर धरून ताण द्या, मगच नट आवळा. चेन खालून बारला टेकलेली हवी आणि हातानं सहज ओढली जावी. पहिल्या काही कापांनंतर ताण पुन्हा बघा, नवी चेन लांबतेच. बारमध्ये जळकं इंजिन ऑइल घालू नका. टोक फिकट पुठ्ठ्यापासून वीतभर दूर धरून रेस द्या: तेलाची रेघ उमटली तर पुरवठा ठीक. नाही उमटली तर आधी बारचं छिद्र आणि खाच भुशापासून साफ करा. काम संपलं की ताण सैल करून ठेवा. गार होताना चेन आखडते आणि इंजिनच्या क्रँक शाफ्टवर ओढ येते.