लहान मुलासाठी कॅम्पिंगची स्वस्त बॅटरी घेताना या चुका टाळा

राजमाचीला आमचा मुक्काम होता. रात्री अडीचच्या सुमारास शेजारच्या तंबूतून मुसमुसण्याचा आवाज आला. माझी सहा वर्षांची भाची जागी झाली होती. तिला शूला जायचं होतं, आई-बाबा गाढ झोपेत होते आणि उशाशी ठेवलेली बॅटरी काही केल्या लागत नव्हती. बॅटरी चांगलीच होती. भावाने खास या सहलीसाठी आणलेली, धातूची, समोरच्या डोंगरापर्यंत झोत टाकणारी. पण मागचं रबरी बटण इतकं घट्ट होतं की त्या चिमुकल्या अंगठ्याने ते दबेना.

त्यानंतर ओळखीतल्या चार-पाच घरांसाठी मी मुलांच्या बॅटऱ्या निवडून दिल्या. दीडशे-दोनशे रुपयांत मुलाला पुरेल अशी बॅटरी मिळते, याची मला खात्री आहे. पैसे कमी पडतात म्हणून कुणाचं अडत नाही, पण निवडताना आपण मोठ्यांच्या नजरेने बघतो आणि तिथे चुकतं.

मुलाला न नेता बॅटरी घेणं

ही सगळ्यात मोठी चूक. बॅटरी मुलाच्या हातात द्या आणि डोळे मिटून एका हाताने लावायला सांगा. बोटांनी चाचपून बटण सापडलं पाहिजे आणि अंगठ्याने सरकलं पाहिजे. लहान हातांना मागच्या टोकाच्या बटणापेक्षा अंगावरचं सरकतं बटण सोपं जातं. जाडीही बघा. मोठ्या सेलची जुन्या पद्धतीची बॅटरी मुलाच्या मुठीत मावत नाही, कारण त्यातला एकेक सेलच ३३ मिलिमीटर जाड असतो. पेन्सिल सेल साडेचौदा मिलिमीटरचा असतो, त्यामुळे दोन पेन्सिल सेलची प्लास्टिकची बॅटरी पाच-सहा वर्षांच्या हाताला बरोबर बसते.

एकाच बटणावर मोठा उजेड, मंद उजेड, लुकलुक असे तीन-चार प्रकार असतील, तर ती बॅटरी खाली ठेवा. मूल घाबरलेलं असताना मोजून दाबत नाही. शिवाय भराभर लुकलुकणारा उजेड फिट येणाऱ्या काही मुलांना त्रासदायक ठरतो. मुलाच्या बॅटरीला चालू आणि बंद एवढं पुरे.

खोक्यावरचा आकडा बघून भुलणं

स्वस्त बॅटरीच्या खोक्यावर हजारो ल्युमेन (उजेडाचं माप) छापलेले असतात. दोनशे रुपयांच्या वस्तूत ते खरे असणं शक्य नाही, आणि खरे असते तरी मुलाच्या हातात ते नको होते. तंबूत आणि तंबूभोवती तीस ते पन्नास ल्युमेन भरपूर झाले. प्रखर झोत मुलं पहिल्यांदा कुठे मारतात? एकमेकांच्या तोंडावर, नाहीतर स्वतःच्याच डोळ्यांत. काळोखाला सरावायला आपल्या डोळ्यांना वीस ते तीस मिनिटं लागतात, आणि एका झोताने ती सगळी मेहनत वाया जाते.

मुलाला दूरचं झाड दिसायची गरज नसते, पायापुढची तीन-चार पावलं दिसायला हवीत. आपल्याकडे तर हे जास्तच महत्त्वाचं. मण्यार आणि फुरसं रात्री हिंडतात. म्हणून मध्ये एकच कडक ठिपका पाडणारा झोत नको, पसरट उजेड हवा. दुकानात भिंतीपासून हातभर अंतरावर बॅटरी धरून बघा, लगेच कळतं.

किल्लीच्या जुडग्यातल्या ज्या बॅटऱ्यांना लाल लेझर असतो, त्या मुलांना अजिबात देऊ नका. लेझर डोळ्यातल्या पडद्याला कायमची इजा करू शकतो.

बटण सेलची खेळणी बॅटरी

या मुद्द्यावर मी थोडी जास्त बोलणार आहे, कारण इथे चूक झाली तर जिवावर बेतते.

प्राण्यांच्या आकाराच्या, बोटात घालायच्या, किल्लीला लावायच्या इवल्याशा बॅटऱ्या जत्रेत आणि रस्त्यावर वीस-तीस रुपयांना मिळतात. मुलांना त्या फार आवडतात. त्यांच्यात नाण्यासारखे चपटे सेल असतात आणि बहुतेकांचं झाकण नखाने उघडतं. असा सेल गिळला आणि अन्ननलिकेत अडकला, तर ओलाव्यामुळे त्यातून वीज वाहू लागते आणि त्या जागी तीव्र अल्कली तयार होऊन आतलं अस्तर जळतं. सेल फुटायची किंवा गळायचीही गरज नसते. दोन तासांत गंभीर इजा होऊ शकते. २० मिलिमीटरचा, ३ व्होल्टचा लिथियम सेल सगळ्यात घातक, कारण तो लहान मुलाच्या अन्ननलिकेत नेमका अडकतो. वापरून संपलेला सेलही धोक्याचाच, त्यामुळे काढलेला सेल तंबूत टाकू नका.

मुलाने सेल गिळल्याची नुसती शंका आली, तरी उलटी करवू नका, थांबून वाट बघू नका. १०८ ला फोन करा किंवा एक्स-रेची सोय असलेलं जवळचं रुग्णालय गाठा.

१ जानेवारी २०२१ पासून आपल्याकडे खेळण्यांवर आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे. मुलाला खेळण्यातलीच बॅटरी द्यायची असेल, तर हे चिन्ह बघा आणि सेलचं झाकण स्क्रूने बंद होतं का तेही बघा. हाताने दाबून वीज तयार करणारी बॅटरी घेतानाही सावध राहा. सेल लागत नाहीत असं सांगून विकल्या जाणाऱ्या काही स्वस्त बॅटऱ्यांच्या पोटात हेच चपटे सेल निघतात.

चार्जिंगची बॅटरी स्वस्त पडेल असं मानणं

पाठीतून दोन पिनांचा प्लग बाहेर येणारी बॅटरी घरोघरी असते. दिवे गेल्यावर ती कामाची, पण मुलाला देऊ नका. स्वस्त बनावटीत आतला भाग घरच्या विजेपासून नीट वेगळा केलेला नसतो. प्लगमधून काढल्याबरोबर पिनांना बोट लागलं तर झटका बसू शकतो. वर ती महिनोन्महिने न वापरता पडली की आतला शिशाचा सेल निकामी होतो, आणि सहलीच्या आदल्या रात्री चार्ज केली तरी तंबूत दहा मिनिटांत मान टाकते.

जाडजूड लिथियम सेलच्या बॅटऱ्यांबाबतही तेच. बोटभर लांबीच्या त्या सेलवर ९८०० एमएएच (सेलमध्ये किती वीज साठते त्याचं माप) छापलेलं दिसलं तर समजा की ते खोटं आहे. त्या आकाराचे चांगले सेल साधारण साडेतीन हजार एमएएचपर्यंतच जातात. खोटं लेबल लावलेल्या लिथियम सेलवर मुलाच्या हातात देण्याइतका भरवसा मी ठेवणार नाही.

पेन्सिल सेलच घ्या, पण अल्कलाइन. घड्याळात घालतो ते साधे झिंक-कार्बन सेल स्वस्त असतात, पण बॅटरीत लवकर संपतात आणि गळतातही लवकर. दोन अल्कलाइन सेलवर मंद एलईडी साधारण आठ-दहा तास चालते. शनिवार-रविवारच्या मुक्कामाला तेवढं पुरतं.

डोक्याला बांधायची की हातात धरायची?

मोठी मुलं हेडलॅम्प छान वापरतात, हात मोकळे राहतात. पाच-सहा वर्षांच्या मुलाला मी हातातलीच देते. लहान मूल बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे बघतं, त्यामुळे कपाळावरचा उजेड सगळ्यांच्या डोळ्यांत जातो. दोरी मात्र मनगटात अडकवा. गळ्यात दोरी घालून मूल झाडावर किंवा कातळावर चढलं आणि ती कुठे अडकली, तर फास बसतो.

ऐन वेळी बॅटरी लागत नसेल तर

आधी मागचं झाकण पूर्ण आवळा. बऱ्याच वेळा तेवढंच असतं. मुलं ते चाळा म्हणून फिरवत बसतात. नवी बॅटरी असेल तर सेलखाली लावलेली प्लास्टिकची पट्टी काढायची राहिली का ते बघा. मग सेलची दिशा तपासा, सपाट बाजू स्प्रिंगकडे. तीन बारीक सेलची बॅटरी असेल तर सेल ज्या साच्यात बसतात तो साचाही उलटा बसू शकतो, आणि इथे मोठी माणसंही फसतात.

उजेड मंद झाला असेल तर दोन्ही सेल एकदम बदला. एक जुना आणि एक नवा असं केलं की नवा जुन्याला ओढत बसतो आणि जुना गळतो. स्प्रिंगवर पांढरी भुकटी दिसली तर सेल गळलाय. ते काम मुलाला देऊ नका. अल्कलाइन सेलची भुकटी लिंबाच्या रसात किंवा व्हिनेगरमध्ये भिजवलेल्या कापसाच्या बोळ्याने पुसा, पूर्ण वाळू द्या आणि हात धुवा. पावसात भिजली तर झाकण उघडून, सेल काढून वाऱ्यावर ठेवा, शेकोटीजवळ नाही. खोक्यावर आयपीएक्स४ लिहिलं असेल तर शिंतोडे सोसते. ओढ्यात पडलेली बॅटरी वाचेलच असं नाही.

सॅकमध्ये आपोआप चालू होऊन सेल संपत असतील तर प्रवासात झाकण अर्धा फेरा सैल ठेवा. मुलासमोरच करा, म्हणजे कसं आवळायचं तेही त्याला कळतं.

काजव्यांसमोर बॅटरी

मे अखेरीपासून पहिल्या पावसापर्यंत भंडारदरा, पुरुषवाडी, राजमाची इथे लोक मुलांना काजवे दाखवायला नेतात. काजव्यांचं लुकलुकणं हे नर-मादीचं एकमेकांना शोधणं असतं, आणि आपल्या झोतात त्यांचे ते इशारे हरवतात. तिथे बॅटरी बंदच ठेवायची. वाट दिसावी म्हणून लागलीच, तर काचेवर लाल जिलेटीन कागदाचे दोन थर रबराने बांधा आणि झोत पायाशी ठेवा. मुलांना कारण सांगितलं की ती आपणहून बंद करतात, आणि दुसऱ्यांनाही बंद करायला लावतात.

घरी सराव न करणं

निघण्याच्या आदल्या रात्री घरातले दिवे घालवा आणि मुलाला अंथरुणातून उठून बॅटरी शोधून मोरीपर्यंत जाऊन यायला सांगा. दोन-तीन वेळा करा, मुलांना हा खेळ आवडतो. तंबूतही जागा तीच ठेवा: उशाच्या उजव्या बाजूला, कोपऱ्यात. बॅटरीला रुंद पांढरी फीत किंवा रेडियमची पट्टी चिकटवली तर चाचपायला आणि शोधायला बरं पडतं. आमच्या भाचीचा क्रम आता ठरलेला आहे. आधी बॅटरी लावायची, मग बाबांना हाक मारायची, बूट उपडे करून झटकायचे, आत झोत टाकून विंचू नाही ना ते बघायचं, आणि मगच पाय घालायचे.