दुसरा गिअर टाकताना कर्रर्र होतंय? आधी सिंक्रो समजून घ्या

सात रस्ता चौकात गाडी हळू करून तिसऱ्यातून दुसरा टाकला आणि कर्रर्र वाजलं की बरेच जण म्हणतात गिअरचे दात गेले. थांबा जरा. पुढे जायच्या गिअरांचे मोठे दात एकमेकांत कायम अडकलेलेच असतात, शाफ्टवरचा गिअर नुसता मोकळा फिरत असतो, आपण लिव्हर हलवला की फोर्क (आतला दुपाखी काटा) स्लीव्हला, म्हणजे शाफ्टसोबत फिरणाऱ्या दातेरी कड्याला, सरकवतो आणि स्लीव्ह गिअरच्या कडेच्या बारीक दातांत बसून त्याला शाफ्टशी जोडतो. आवाज या बारीक दातांकडचा असतो.

हिशोब बघा. चाकांकडे जाणारा शाफ्ट १५०० आरपीएमला (मिनिटाला १५०० फेरे) फिरतोय, तिसऱ्याचा रेशो (या शाफ्टच्या एका फेऱ्याला इंजिनकडच्या इनपुट शाफ्टचे किती फेरे) १.४ धरा, दुसऱ्याचा २. म्हणजे क्लच प्लेट आणि इनपुट शाफ्ट २१०० वरून ३००० वर न्यायचेत, तेपण क्लच दाबलेला असताना! हे काम ती छोटीशी पितळी सिंक्रो रिंग करते. ती गिअरच्या कोनवर (शंकूसारख्या निमुळत्या भागावर) दाबली जाते, आतल्या बारीक खाचा ऑइल बाजूला सारतात, घासून वेग जुळत येतो, आणि जुळेपर्यंत रिंगचे दात स्लीव्हला आडवे राहतात. जुळला की रिंग किंचित फिरते, वाट मोकळी. लिव्हरला क्षणभर जे अडल्यासारखं वाटतं ना, तेव्हा हेच चालू असतं, म्हणून तिथं हिसका नको, एकसारखा दाब ठेवा.

आता बिघाड कुठंय ते शोधू. गाडी उभी, इंजिन चालू, क्लच पूर्ण दाबून चार-पाच सेकंद थांबा मग रिव्हर्स टाका, तरी वाजला तर आधी क्लच बघा, तो नीट सुटत नसेल. एकच गिअर वाजत असेल तर डबल क्लच करा, जुने ट्रकवाले करतात तसं: क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून थोडा रेस, परत क्लच दाबून दुसरा. असा गुपचूप बसला तर संशय सिंक्रोवरच.

ऑइल मात्र मॅन्युअलमधलंच. जीएल-४ (गिअर ऑइलचा दर्जा) सांगितलं असेल तिथं जास्त भारी म्हणून जीएल-५ ओतू नका, त्यातली काही केमिकल्स पितळेला खातात आणि रिंगची पकडपण कमी होऊ शकते.

गिअरबॉक्स उतरवलाच तर मेस्त्रींना रिंग कोनवर दाबून फीलर गेजनं (मापाच्या पातळ पट्ट्यांनी) रिंग आणि गिअरमधली फट मोजायला सांगा, मापापेक्षा कमी भरली तर रिंग झिजली. स्लीव्हच्या दातांची टोकंपण बघून घ्या ओ, ती बोथट असतील तर नुसती रिंग बदलून भागत नाही.