उंटाने काही ठरवलं नव्हतं: लहान मुलांना अनुकूलन कसं शिकवावं

उंट वाळवंटात, पेंग्विन बर्फात, अशा जोड्या लावून घेणं म्हणजे अनुकूलन शिकवणं नव्हे. जोड्या मुलं दहा मिनिटांत लावतात. मग विचारा, "उंटाला कुबड का?" उत्तर येतं, "पाणी साठवायला." (कुबडात चरबी असते, पाणी नाही. हे आधी निस्तरून घ्या.) "आणि ते आलं कसं?" "वाळवंटात राहता यावं म्हणून त्याने वाढवलं." सगळी गोची इथे आहे. बाकीच्या पायऱ्या सोप्या, त्या भराभर सांगतो. पुढचं तिसरी-चौथीच्या मुलांना धरून आहे.

१. चौकोन मोजा. चार मीटर सुतळीचा एक चौकोन मोकळ्या गवतात, तसाच दुसरा झाडाखाली. जीव किती ते नाही, किती प्रकारचे ते मोजायचं. एकसारख्या शंभर मुंग्या म्हणजे एकच प्रकार. नाव येत नसेल तर "काळा, पाठीवर दोन ठिपके" एवढं पुरे. नावं शोधत बसलात की तास संपला.

२. एकाच प्रकारातले फरक दाखवा. एकाच मांजरीच्या पिल्लांचा फोटो पुरतो: एक करडं, एक काळं, एक ठिपक्यांचं. काही जण एकाच झाडाची पानं मोजायला लावतात. ते नको. तो फरक बहुतेक ऊन-सावलीचा असतो, पुढच्या पिढीत जात नाही.

३. टिकल्यांचा खेळ. इथे मी दोन वर्षं सपशेल आपटलो, म्हणून सविस्तर.

साधारण मीटरभर कापड घ्या, गजबजलेल्या नक्षीचं. साध्या रंगाचं मुळीच नको, त्यावर जवळपास सगळंच उठून दिसतं. पंचिंग मशीनने रंगीत कागदाच्या टिकल्या पाडा, पाच रंगांच्या दहा-दहा. पाचातले एक-दोन रंग कापडात लपणारे हवेत. पन्नास टिकल्या पसरा आणि पंखा बंद करा. पहिल्या वर्षी मी तो चालू ठेवला होता. अर्धी "प्रजा" बाकाखाली गेली.

पाच मुलं पक्षी. प्रत्येकाने कापडाकडे पाठ करायची, वळायचं, नजरेला पहिली पडेल ती टिकली उचलायची, पुन्हा पाठ करायची. असं पाच वेळा. पाठ फिरवायला लावली नाहीत तर पोरं एका जागी बसून मूठभर गोळा करतात आणि खेळाचा विचका होतो. पंचवीस खाल्ल्या, पंचवीस उरल्या. उरलेल्या प्रत्येकीला तिच्याच रंगाचं एक पिल्लू द्या. पुन्हा पन्नास. अशा तीन पिढ्या, आणि दर पिढीला रंगांची मोजणी फळ्यावर.

तिसऱ्या पिढीपर्यंत बहुधा कापडात लपणाऱ्या एक-दोन रंगांची चलती होते, माझ्या कापडावर हिरव्याची. शिक्षक इथे खूश होऊन थांबतात. मीही थांबायचो. आठवड्याने विचारलं तर एका मुलीने छान समजावून सांगितलं, "टिकल्या हळूहळू हिरव्या झाल्या." तिचं काय चुकलं? फळ्यावर तसंच दिसत होतं.

तेव्हापासून मी दर पिढीनंतर एकच प्रश्न विचारतो: "यातल्या एका तरी टिकलीने रंग बदलला का?" मुलं हसतात, नाही म्हणतात. "मग हिरव्या वाढल्या कशा?" आता गप्प बसा. पटकन उत्तर देऊन टाकायचा मोह होतो, तो आवरा. कोणीतरी म्हणतंच, "बाकीच्या खाल्ल्या गेल्या, आणि हिरव्यांना हिरवीच पिल्लं झाली." पाठात जे शिकवायचं होतं ते त्या पोराने सांगितलं.

४. भाषा सांभाळा. "जुळवून घेणं" हा शब्द माझ्या वर्गात बंद आहे. मूल घरी ऐकतं, "नव्या वर्गात जुळवून घे," म्हणजे स्वतःला बदल. तोच शब्द कोल्ह्याला लावला की कोल्हाही प्रयत्न करायला लागतो. दुसरा गुन्हेगार "म्हणून". "थंडीत टिकावं म्हणून दाट केस आले" असं लिहू नका. "ज्यांचे केस दाट होते, ते थंडीत टिकले, त्यांची पिल्लंही दाट केसांची झाली" असं लिहा. वाक्य लांबतं, लांबू द्या.

"पण सरडा रंग बदलतो की!" हा प्रश्न येणारच. बदलतो, पण ती त्याला जन्माने मिळालेली करामत आहे, आणि रंग बदलणारे शॅमेलिऑन जातीचे सरडे तो बदलतात ते बऱ्याचदा लपायला नाही, तर एकमेकांना इशारे द्यायला आणि ऊन शोषायला.

५. कापड बदला. शेवटच्या पिढीच्या टिकल्या दुसऱ्या नक्षीवर ओता. नव्या नक्षीत लपणारा रंग थोडा तरी उरला असेल तर तो पुन्हा वाढतो. मग नुसत्या लाल टिकल्या अशा नक्षीवर टाका जिथे लाल लपत नाही, आणि खेळायला सांगा. वाढायला दुसरा रंगच नाही. जैवविविधतेची व्याख्या मी इथे सांगतो, आधी नाही. १९९२ च्या जैवविविधता करारात ती तीन पातळ्यांवर आहे: एका प्रजातीतली, प्रजाती-प्रजातींमधली आणि परिसंस्थांची. पहिली पातळी टिकल्यांनी झाली, दुसरी सुतळीच्या चौकोनाने, तिसरीसाठी गवतातला चौकोन झाडाखालच्याशी ताडून पाहा.

६. खरी गोष्ट सांगा. इंग्लंडमधला ठिपकेदार पतंग, पेपर्ड मॉथ. मँचेस्टरला १८४८ मध्ये त्याचा काळा प्रकार नोंदला गेला. कारखान्यांच्या धुराने झाडांची खोडं काळवंडली, त्यावरचं दगडफूल मेलं, फिके पतंग पक्ष्यांना उठून दिसू लागले. १८९५ पर्यंत तिथले सुमारे ९८ टक्के पतंग काळे होते. १९५६ च्या स्वच्छ हवेच्या कायद्यानंतर धूर ओसरत गेला, तसे फिके पुन्हा वाढले. एकाही पतंगाने अंगाला काजळी फासली नव्हती, हे मुलांकडून वदवून घ्या.

परीक्षेत जोड्या लावा देऊ नका. पंधरा दिवसांनी एकच विचारा: "ध्रुवावरचा कोल्हा हिवाळ्यात पांढरा का?" उत्तर "लपता यावं म्हणून" असं आलं, तर कापड पुन्हा काढा.