दारू न पिता लाइव्ह म्युझिक ऐकायला जाताय? या चुका टाळा

मुंबई-पुण्यात जेवणाच्या टेबलांसमोर छोटं स्टेज असतं आणि रात्री साडेनऊला बँड उभा राहतो, अशा जागांचा हिशोब सरळ आहे. स्टेजचा खर्च बार उचलतो. साउंडवाला, बँडचं मानधन, गाण्यांच्या हक्कांचं लायसन्स, जागेचं भाडं, एवढं सगळं तिकिटातून क्वचितच सुटतं. सवाई गंधर्वला तिकीट काढून बसणारा आपला श्रोता इथेच फसतो. त्याला वाटतं, तिकीट काढलं म्हणजे आपलं देणं फिटलं. ब्रिटनमध्ये अशा जागांचा हिशोब म्युझिक व्हेन्यू ट्रस्ट ठेवतो. 2023 साली तिथल्या 125 छोट्या जागांमधलं लाइव्ह म्युझिक थांबलं आणि उरलेल्यांचा सरासरी नफा होता अर्धा टक्का. आपल्याकडे लोअर परळच्या मथुरादास मिल कंपाउंडमधल्या ब्लू फ्रॉग या लाइव्ह म्युझिक क्लबचं नाव काय कमी होतं? 2007 ला उघडलं, 2016 ला बंद झालं.

तेव्हा न पिणाऱ्याने जायचं, पण या चुका न करता.

एक लाइम सोडा, चार तास

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. चौघांचं टेबल, वर एक फ्रेश लाइम सोडा (तोही दोघांत), शिवाय येतानाच भुर्जी-पाव खाऊन आलेलो. शनिवारी त्या टेबलावर दुसरं कुणी बसलं असतं तर चार राउंड झाले असते. त्यांच्याशी बरोबरी करायची गरज नाही. प्रत्येक सेटला (बँड ब्रेक न घेता सलग वाजवतो तो एक भाग) एक काहीतरी मागवा आणि रात्रीचं जेवण तिथेच घ्या. लाइम सोड्यात लिंबू, सोडा आणि साखर, कच्चा माल काही रुपयांचा. तो आपल्याला दोनशेला मिळतो म्हणून आपण कुरकुरतो, पण त्या दोनशेतलं मालकाच्या हातात जेवढं राहतं तेवढं इंपोर्टेड बियरच्या दोनशेतलं राहत नाही. पाण्याची बाटली एमआरपीपेक्षा महाग का, म्हणून वेटरशी वाद घालू नका. हॉटेलात बसून पिण्याच्या पाण्याला एमआरपीचं बंधन नाही, असं सुप्रीम कोर्टाने डिसेंबर 2017 मध्येच सांगितलंय.

किचनची लास्ट ऑर्डर किती वाजता ते आल्या आल्या विचारा. बँड रंगात येतो तेव्हा किचन बंद होत असतं. गर्दी असेल आणि खायचं नसेल तर टेबल सोडून उभं राहून ऐका. आवाज बहुतेकदा तिथेच चांगला येतो.

‘पास आहे का रे?’

ड्रमर शाळेतला मित्र आहे, म्हणूनच तिकीट काढा. शक्यतो आधी काढा, म्हणजे मालकाला अंदाज येतो आणि बँडला पुढची तारीख मागता येते. मित्राचा सेट संपला की उठून जाणं हा यातलाच दुसरा प्रकार.

कव्हर चार्ज म्हणजे तिकीट नव्हे

काही ठिकाणी दारावर घेतलेले पैसे खाण्यापिण्यात वळते होतात, काही ठिकाणी होत नाहीत. कधी अर्धेच होतात. पैसे देण्याआधी दोन गोष्टी विचारा: ‘रिडीमेबल आहे का? आणि जेवणावर चालेल ना?’ चालत असेल तर पूर्ण वापरा. बँडला यातलं काही मिळतंच असं नाही, म्हणून टी-शर्ट किंवा सीडी विकायला ठेवली असेल तर तिथे थोडे पैसे सोडा.

बिलाचे सरळ चार भाग

तिघांनी व्हिस्की घ्यायची आणि चौथ्याने पनीर टिक्क्यावर पंधराशे भरायचे, असं दोनदा झालं की चौथा यायचाच बंद होतो. लाजू नका, टीटीएमएम करा. दारूवर व्हॅट लागतो, खाण्यावर आणि मॉकटेलवर जीएसटी, त्यामुळे बिलात दोन्ही आकडे वेगळेच असतात. सर्व्हिस चार्ज ऐच्छिक आहे, ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या 2022 च्या सूचनांनुसार तो काढायला सांगता येतो. काढलात तर वेटरच्या हातात मात्र टीप द्या.

वेटर फिरकत नाही

दारू घेत नाही म्हटलं की काही वेटर टेबल सोडून देतात. आधीच सांगा, ‘दारू नाही, पण जेवणार आहोत आणि शेवटपर्यंत बसणार आहोत.’ मॉकटेल मागवताना ‘विदाउट अल्कोहोल’ स्पष्ट म्हणा आणि ग्लास आला की आधी वास घ्या. अंधारात दोन्ही ग्लास सारखेच दिसतात.

दारावर अडवलं

‘मी पीतच नाही’ हे बाउन्सरला सांगून उपयोग नाही. महाराष्ट्रात बियर-वाइनला 21 आणि कडक दारूला 25 वर्षांची अट आहे, त्यामुळे बऱ्याच जागा 21 खालच्यांना आतच घेत नाहीत. ओळखपत्र जवळ ठेवा, लहान भावंडाला नेणार असाल तर आधी फोन करा.

शेजारच्या टेबलाला दारूचे तोटे सांगू नका, हे लिहावं लागतंय यातच सगळं आलं.

मेन्यूत निळ्या-हिरव्या गोड सरबतांपलीकडे काहीच नसेल तर गप्प बसून पाणी पिऊ नका. सोलकढी ठेवा, चांगली कॉफी ठेवा, बडवायझर 0.0 ठेवा, असं मॅनेजरला सांगा. फक्त आठवड्याच्या मधल्या वारी, गर्दी व्हायच्या आत सांगा. शनिवारी दहा वाजता तो कुणाचंच ऐकत नाही.