मुख्याध्यापकांची बाजू मांडताना: शाळा व्यवस्थापन समिती आणि पालकांसाठी मार्गदर्शन

जिल्हा परिषदेच्या लहान प्राथमिक शाळेत मुख्याध्यापक म्हणून स्वतंत्र व्यक्ती सहसा नसते. दोन किंवा तीन शिक्षकांपैकी जो सेवाज्येष्ठ असेल त्याच्याकडे प्रभार येतो, आणि तो शिक्षक आपले वर्ग सांभाळून शालेय पोषण आहाराच्या नोंदी, यू-डायसची (शाळांची व विद्यार्थ्यांची माहिती नोंदवण्याची शासकीय ऑनलाइन प्रणाली) माहिती, विद्यार्थ्यांच्या आधार पडताळणीतील दुरुस्त्या, अनुदानाचा हिशेब, आवक-जावक आणि केंद्राच्या (जवळपासच्या शाळांच्या गटाच्या) बैठका हे सारे पार पाडतो. मोठ्या शाळेतील पूर्णवेळ मुख्याध्यापकाचीही स्थिती फार वेगळी नसते, कारण तेथे लिपिक आणि शिपाई नसल्यामुळे त्या दोन्ही पदांची कामे त्याच्याच टेबलावर येतात. अशा माणसाला गावाने मदत करायची म्हणजे नेमके काय करायचे, हा या लेखाचा विषय आहे. शिक्षक दिनी शाल-श्रीफळ देऊन केलेला सत्कार वाईट नाही, पण त्याने मुख्याध्यापकाचा एक तासही वाचत नाही. त्यांना हवा असतो वेळ, मंजूर पदांवर प्रत्यक्ष माणसे, आणि अडचणीच्या प्रसंगी लेखी स्वरूपात सोबत उभे राहणारी समिती.

सुरुवात मागणीने करू नये, माहितीने करावी. शाळा व्यवस्थापन समितीच्या एक-दोन सदस्यांनी मुख्याध्यापकांसोबत बसून एका महिन्यातील कामांची यादी करावी. कोणती माहिती कोणी मागितली, ती किती वेळा मागितली, त्यासाठी शिकवण्याचा किती वेळ गेला आणि कोणत्या दिवशी वर्ग दुसऱ्या शिक्षकाच्या वर्गात बसवावा लागला, एवढे चार रकाने पुरेसे आहेत. एकच पटसंख्या वेगवेगळ्या तक्त्यांत, वेगवेगळ्या व्हॉट्सॲप गटांवर, प्रत्येक वेळी ‘तातडीने’ असा शेरा मारून मागितली जाते ही तक्रार अनेक मुख्याध्यापक करतात. मात्र तारखांसह नोंद असल्याशिवाय पंचायत समितीत तिला वजन येत नाही. ही यादी करताना मुख्याध्यापकांच्या वागण्याचे मूल्यमापन करण्याचा मोह टाळावा, नाहीतर पहिल्याच बैठकीत ते सावध होतील आणि पुढची माहिती मोजून-मापून देतील.

यादी तयार झाली की प्रत्येक अडचण कोणाच्या हातात आहे ते ठरवावे. पाण्याची टाकी, कुंपण, स्वच्छतागृहाची दुरुस्ती आणि थकलेले वीजबिल यांसाठी पहिले दार ग्रामपंचायतीचे असते. एका केंद्रातील शाळांमध्ये माहिती मागवण्याची पद्धत बदलायची असेल तर केंद्रप्रमुखांशी बोलावे. प्रतिनियुक्तीवर पाठवलेला शिक्षक परत हवा असेल तर गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे, आणि रिक्त पद भरायचे असेल तर जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकाऱ्यांकडे (प्राथमिक) जावे लागते. ऑनलाइन प्रणालीतील त्रुटी किंवा संचमान्यतेचे (पटसंख्येनुसार शाळेला पदे मंजूर करण्याचे) निकष हा राज्य पातळीवरचा विषय आहे, आणि तो एका गावाच्या अर्जाने सुटत नाही. तेथे तालुक्यातील अनेक समित्यांनी एकाच आशयाचे ठराव पाठवणे अधिक उपयोगी ठरते. चुकीच्या दारावर दिलेला अर्ज ‘योग्य त्या कार्यवाहीसाठी’ वर्ग होत फिरत राहतो आणि शैक्षणिक वर्ष संपून जाते.

आता कायद्याचा आधार. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा मुलांसाठीचा कायदा असला तरी मुख्याध्यापकाच्या बाजूने बोलणाऱ्या पालकाला त्यातील काही कलमे पाठ असावीत. त्याच्या अनुसूचीनुसार पहिली ते पाचवीच्या शाळेत १५० पेक्षा अधिक मुले असल्यास पाच शिक्षकांखेरीज एक मुख्याध्यापक असावा लागतो, आणि सहावी ते आठवीच्या वर्गांत १०० पेक्षा अधिक मुले असल्यास पूर्णवेळ मुख्याध्यापक असावा लागतो. राज्याचे संचमान्यतेचे निकष वेळोवेळी बदलतात, म्हणून आपल्या शाळेची चालू वर्षाची संचमान्यता मुख्याध्यापकांकडून पाहून घ्यावी आणि मंजूर पदे व कार्यरत पदे यांतील फरक त्यावरूनच काढावा. कलम २६ प्रमाणे शाळेतील रिक्त पदे एकूण मंजूर पदांच्या १० टक्क्यांहून अधिक असता कामा नयेत. चार मंजूर पदांच्या शाळेत एक जागा रिकामी राहिली तरी हे प्रमाण २५ टक्के होते, ही साधी आकडेमोड अर्जात जरूर लिहावी.

कलम २७ सर्वांत कामाचे आहे. दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुकांची कामे वगळता शिक्षकांना कोणत्याही अशैक्षणिक कामाला लावता येत नाही, असे ते सांगते. त्याच्याच जोडीला कलम २५ मध्ये असे म्हटले आहे की या अपवादांखेरीज शाळेवर नेमलेल्या शिक्षकाला दुसऱ्या शाळेत किंवा कार्यालयात काम करायला लावता येणार नाही. निवडणुकीच्या कामाचा अपवादही अमर्याद नाही: मतदार याद्यांच्या पुनरीक्षणाची आणि निवडणुकीची कामे शिक्षकांना सुटीच्या व बिगर-अध्यापनाच्या दिवशी द्यावीत, अध्यापनाच्या दिवशी आणि शाळेच्या वेळेत सामान्यतः देऊ नयेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली स्पष्ट केले आहे. मुख्याध्यापकच मतदान केंद्रस्तरीय अधिकारी असेल आणि त्याला शाळेच्या वेळेत घरोघर फिरावे लागत असेल, तर समितीने नेमका हाच मुद्दा तहसील कार्यालयाला लिहावा. महाराष्ट्र शासनाने २०२४ साली शिक्षकांच्या कामांचे शैक्षणिक आणि अशैक्षणिक असे वर्गीकरण करणारा शासन निर्णयही काढला आहे. त्याची प्रत समितीच्या फाइलमध्ये असू द्यावी, कारण ‘हे काम शैक्षणिकच आहे’ हा युक्तिवाद हमखास होतो.

अर्ज कोणी करायचा, हा प्रश्न वाटतो त्याहून नाजूक आहे. जिल्हा परिषदेचा शिक्षक १९६७ च्या वर्तणूक नियमांनी बांधलेला असतो. त्याने वर्तमानपत्रात किंवा समाजमाध्यमावर प्रशासनाविरुद्ध लिहिले तर कारवाई त्याच्यावर होते, त्याच्या अडचणीवर होत नाही. म्हणून बाजू मांडायची ती पालकांनी. येथे एक व्यावहारिक अडचण येते, ती म्हणजे मुख्याध्यापक हा समितीचा सचिव असल्यामुळे इतिवृत्त त्याच्याच हस्ताक्षरात असते, आणि ‘तुम्हीच हे लिहून घेतले’ असा संशय वरिष्ठांना येतो. त्यावर उपाय असा की ठरावाचा मसुदा पालक सदस्याने तयार करावा, सूचक आणि अनुमोदक दोघेही पालक असावेत, सोबतचे पत्र अध्यक्षांच्या सहीने जावे, आणि मागणी मुख्याध्यापकाच्या सोयीसाठी आहे असे न लिहिता मुलांच्या कोणत्या हक्काला बाधा येते ते लिहावे. पत्र पाठवण्यापूर्वी मुख्याध्यापकांना ते दाखवावे. त्यांनी एखादे वाक्य नको म्हटले तर ते काढून टाकावे, कारण परिणाम त्यांना भोगायचे आहेत, आपल्याला नाहीत.

ठराव कसा असावा याचा एक नमुना पुढे देतो. त्यातील रिकाम्या जागा आपापल्या नोंदींवरून भराव्यात.

‘आमच्या शाळेत पहिली ते पाचवीचे एकूण … विद्यार्थी असून मंजूर शिक्षकपदे … व कार्यरत शिक्षक … आहेत. मुख्याध्यापकपदाचा प्रभार असलेल्या शिक्षकांकडे इयत्ता … व … हे वर्ग आहेत. दिनांक … ते … या कालावधीत त्यांना अशैक्षणिक कामासाठी … दिवस शाळेबाहेर राहावे लागले व त्या दिवशी या वर्गांचे अध्यापन होऊ शकले नाही. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ च्या कलम २५, २६ व २७ चा विचार करता, रिक्त पद तातडीने भरावे व सदर शिक्षकांना शालेय वेळेत अशैक्षणिक काम देऊ नये, अशी मागणी ही सभा सर्वानुमते करीत आहे.’

एका ठरावात एकच मागणी, फार तर परस्परांशी जोडलेल्या दोन मागण्या असाव्यात. दहा मागण्यांच्या पत्राला उत्तर मिळते ते सर्वांत सोप्या मागणीचे, आणि मग प्रकरण निकाली निघाल्याची नोंद होते. पत्र टपालाने न पाठवता पंचायत समितीच्या आवक विभागात स्वतः नेऊन द्यावे आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का व तारखेसह पोच घ्यावी. महिनाभरात हालचाल झाली नाही तर पोचीचा संदर्भ देऊन स्मरणपत्र द्यावे. त्यानंतरही शांतता असेल तर दोन मार्ग आहेत. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ खाली ‘आमच्या अर्जावर काय कार्यवाही झाली’ एवढेच विचारता येते आणि त्याचे उत्तर ३० दिवसांत द्यावे लागते. दुसरा मार्ग शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ३२ चा आहे: मुलांच्या हक्काविषयीची लेखी तक्रार स्थानिक प्राधिकरणाने तीन महिन्यांत निकाली काढायची असते, आणि त्या निर्णयाविरुद्ध राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे दाद मागता येते. शाळेला कुलूप ठोकण्याचा मार्ग गावांना आकर्षक वाटतो खरा. पण त्यात मुलांचे दिवस बुडतात, आणि कुलूप लागल्याचा खुलासा सर्वांत आधी मुख्याध्यापकांनाच द्यावा लागतो.

शाळा विकास आराखडा हे बाजू मांडण्याचे सर्वांत दुर्लक्षित साधन आहे. कलम २२ नुसार तो समितीने तयार करायचा असतो आणि शासनाच्या नियोजनाला व अनुदानाला तोच आधार मानला जातो, पण प्रत्यक्षात मुख्याध्यापक तो एकटेच भरतात आणि सदस्य सही करतात. समितीने डिसेंबरपूर्वी एक पूर्ण बैठक केवळ यासाठी ठेवावी आणि पदांची कमतरता, संगणकाची दुरुस्ती व कार्यालयीन मदतीची गरज त्यात आकड्यांसह लिहावी. त्याच मुद्द्यांपैकी ग्रामपंचायतीच्या आवाक्यातील बाबी ग्रामसभेत मांडून गावाच्या विकास आराखड्यात नोंदवून घ्याव्यात. ग्रामसभेत मुख्याध्यापकांना उभे करून प्रश्नांच्या फैरी झाडण्याऐवजी समितीच्या अध्यक्षांनी शाळेचे निवेदन करावे, हेही पाठिंब्याचेच एक रूप आहे.

काही काम पालक प्रत्यक्ष हातात घेऊ शकतात. पोषण आहाराचा तांदूळ व धान्य उतरवताना वजन करून घेणे, रोज एका पालकाने आळीपाळीने आहाराची चव घेऊन नोंदवहीत सही करणे, सततच्या गैरहजर मुलांच्या घरी जाणे, दाखल्यांसाठी लागणारी कागदपत्रे पालकांकडून आधीच गोळा करणे, दुरुस्तीसाठी गवंडी व इलेक्ट्रिशियन बोलावून दरपत्रके मिळवणे, अशी कामे वाटून घेतली तर मुख्याध्यापकांचा आठवड्यातला बराच वेळ मोकळा होतो. पण तीन गोष्टींना हात लावू नये. यू-डायस किंवा अन्य प्रणालीचा पासवर्ड मदतनिसाला देण्याची गळ घालू नये, कारण त्यात मुलांची खाजगी माहिती असते आणि चूक झाली तर जबाबदारी मुख्याध्यापकांवर येते. समितीच्या संयुक्त खात्याच्या कोऱ्या धनादेशावर कोणीही सही करू नये. आणि वर्गात शिकवण्याच्या पद्धतीत, शिक्षकांच्या रजांमध्ये किंवा वर्गवाटपात समितीने ढवळाढवळ करू नये. मुख्याध्यापकाचा अधिकार कमी करून त्याला मदत करता येत नाही.

अनुदानाबाबत थोडे सांगणे आवश्यक आहे. समग्र शिक्षा या शालेय शिक्षणाच्या शासकीय योजनेअंतर्गत मिळणारे संयुक्त शाळा अनुदान पटसंख्येवर ठरते, ते वर्षातून उशिरा येते, आणि खर्च मात्र जूनपासून सुरू असतो. मधल्या काळात खडू, कागद आणि इंटरनेटचा खर्च अनेक मुख्याध्यापक खिशातून करतात. समितीने हे विचारावे, लाजेपोटी ते स्वतः सांगत नाहीत. पैसे आल्यावर प्रत्येक खर्चाला समितीची मान्यता आणि पावती असेल तर लेखापरीक्षणाच्या वेळी मुख्याध्यापक एकटा पडत नाही. आर्थिक पारदर्शकता ही मुख्याध्यापकावरची पाळत आहे असे काहींना वाटते. माझ्या मते तिच्याइतके भक्कम संरक्षण त्याला दुसरे नाही.

पाठिंबा म्हणजे पांघरूण नव्हे, हेही समितीने आपसात ठरवून ठेवावे. मुलाला मारहाण, मुलींच्या सुरक्षिततेचा प्रश्न किंवा पैशाचा अपहार अशी तक्रार आली तर ती त्याच दिवशी लेखी घ्यावी आणि योग्य अधिकाऱ्याकडे पाठवावी. लैंगिक अत्याचाराचा संशय असेल तर पॉक्सो (बालकांचे लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण) कायद्यानुसार पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे आणि तेथे समितीने आपली चौकशी करत बसू नये. याउलट, आहार उशिरा झाला, गणवेश कमी आले, शिक्षक बैठकीला गेल्यामुळे वर्ग रिकामा होता, या स्वरूपाच्या तक्रारी थेट व्हॉट्सॲपवर किंवा लोकप्रतिनिधींकडे जाण्याआधी समितीसमोर याव्यात, मुख्याध्यापकांना उत्तर देण्याची संधी मिळावी, आणि चूक त्यांची नसेल तर समितीने तसे इतिवृत्तात स्पष्ट नोंदवावे. गावातील दोन गटांच्या भांडणात मुख्याध्यापकाच्या बदलीची मागणी हे हत्यार म्हणून वापरले जाते. त्या वेळी ही इतिवृत्तेच कामाला येतात, कारण चौकशीला आलेला विस्तार अधिकारी तोंडी ग्वाहीपेक्षा तारखा पाहतो.

मुख्याध्यापकांची बदली झालीच, तर समितीने प्रभार देण्या-घेण्याच्या दिवशी हजर राहावे. साठा नोंदवही, बँक पासबुक, प्रलंबित ठरावांच्या पोचपावत्या आणि अपूर्ण दुरुस्त्यांची यादी नव्या मुख्याध्यापकांसमोर मोजून द्यावी, त्या यादीवर दोघांच्या आणि अध्यक्षांच्या सह्या घ्याव्यात, आणि जाणाऱ्या मुख्याध्यापकांना तिची एक प्रत द्यावी. पुढे वर्षभराने एखाद्या जुन्या हिशेबाबद्दल विचारणा झाली, तर त्यांच्याकडे दाखवायला तेवढा एकच कागद असतो.