लहानग्याचा स्वभाव टिपून ठेवताना

मूल दीड वर्षाचे झाले की त्याच्या आवडीनिवडी, भीती आणि जिद्द दिवसागणिक दिसू लागतात. हे सारे टिपून ठेवायचे असेल, तर एक दोनशेपानी वही, पेन्सिल आणि मध्ये न पडता पाहत राहण्याची सवय एवढेच पुरेसे आहे. वही-पेन्सिल दुकानात मिळते, सवय मात्र लावून घ्यावी लागते.

नोंद करताना विशेषण टाळावे आणि कृती लिहावी. आमची मुलगी वीस महिन्यांची असताना एकदा मी सोललेले केळे मोडून तिच्या हातात दिले, तेव्हा तिने जमिनीवर लोळण घेतली. ‘अगं, किती हट्टी आहे ही, अगदी बापावर गेली आहे!’ असे सासूबाई म्हणाल्या, आणि मीही वहीत ‘हट्टी’ एवढेच लिहून मोकळी झाले असते. त्याऐवजी मी लिहिले : ‘सकाळी साडेनऊ. केळे मोडून दिले. दोन्ही तुकडे एकमेकांना लावून पाहिले. जुळेनात, तेव्हा रडली. अख्खे केळे दिल्यावर शांतपणे खाल्ले.’ पुढच्या दोन आठवड्यांत पोळीचा काठ तुटला म्हणून आणि बिस्किटाचा कोपरा उडाला म्हणून अशाच नोंदी झाल्या. कोणता फ्रॉक घालायचा, कोणत्या वाटीत जेवायचे, याबद्दल मात्र तिची एकही तक्रार नव्हती. म्हणजे प्रश्न हट्टाचा नव्हता, वस्तू अखंड असण्याचा होता, आणि मोडण्यापूर्वी ‘मोडू का?’ असे विचारल्याबरोबर निम्मे रडणे थांबले.

प्रत्येक नोंदीसोबत वेळ, शेवटचे खाणे आणि झोप लिहिणे आवश्यक आहे. दुपारी साडेबाराला उपाशीपोटी केलेला आरडाओरडा भुकेचा असतो, त्यावरून स्वभाव ठरवू नये. पोट भरलेले आणि झोप झालेली असताना तीच गोष्ट तीन-चारदा घडली, तरच तिच्याखाली रेघ ओढावी.

काय पाहावे हे सुचत नसेल, तर अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या मानसोपचारतज्ज्ञ दांपत्याने १९५६ मध्ये न्यूयॉर्क येथे सुरू केलेल्या अभ्यासातील नऊ बाबी हाताशी ठेवाव्यात : हालचालींचे प्रमाण, झोप-भुकेचा नियमितपणा, नव्या गोष्टीकडे पुढे होणे की मागे सरणे, बदलाशी जुळवून घेणे, आवाज-स्पर्श यांबाबतची संवेदनशीलता, भावनांची तीव्रता, एकंदर मनःस्थिती, लक्ष विचलित होणे आणि चिकाटी. त्यांनी सुमारे ४० टक्के मुलांना सहज रुळणारी, १० टक्के मुलांना अवघड आणि १५ टक्के मुलांना हळूहळू मोकळी होणारी म्हटले. उरलेली ३५ टक्के मुले कोणत्याच गटात बसली नाहीत. आपले मूल ‘कोणत्या प्रकारचे’ असे विचारणाऱ्या नातेवाइकांना हा शेवटचा आकडा अवश्य सांगावा.

एक गमतीचा प्रयोग घरीच करता येतो. मुलाचे तोंड पुसताना त्याच्या नकळत कपाळावर कुंकवाचा ठिपका लावावा आणि थोड्या वेळाने त्याला आरशासमोर उभे करावे. लहान मूल आरशातल्या ‘बाळा’कडे हात नेते, परंतु साधारण अठरा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान बहुतेक मुले स्वतःच्याच कपाळाला हात लावतात. ‘माझं, माझं’ची घोषणाही घरात याच सुमारास सुरू होते, त्यामुळे दोन्हींच्या तारखा शेजारीशेजारी लिहून ठेवण्याजोग्या आहेत.

पाहताना दाराआड किंवा स्वयंपाकाच्या ओट्याशी राहावे, आणि मोबाइल शक्यतो उचलूच नये, कारण तो दिसताच मूल हातातला डबा-झाकणाचा खेळ सोडून पडद्याकडे धावते. १८३९ मध्ये जन्मलेल्या आपल्या पहिल्या मुलाच्या बारीकसारीक नोंदी चार्ल्स डार्विनने ठेवल्या होत्या आणि त्या १८७७ मध्ये प्रसिद्ध केल्या. त्याचे सारे काम लेखणीवरच भागले. पाळणाघरातील ताई आणि आजोबा यांनाही आठवड्यातून एकदा विचारावे, कारण घरी अखंड बडबडणारे मूल तिथे तासभर गप्प बसून इतरांकडे नुसते पाहत असू शकते. या नोंदी मुलासमोर वाचून दाखवू नयेत. येत असलेले शब्द गेले किंवा मूल हाकेला प्रतिसाद देत नसले, तर मात्र वहीत लिहून न थांबता बालरोगतज्ज्ञांकडे जावे.

उजवे पान कोरे सोडावे आणि जुनी नोंद काही महिन्यांनी वाचून त्यावर पुढचे लिहावे. केळ्याच्या नोंदीसमोर आमच्या वहीत आता असे आहे : ‘सव्वादोन वर्षे. आज स्वतः केळे मोडले, अर्धे आजोबांना दिले. तुटके बिस्कीट अजूनही चालत नाही.’